पोरानं उत्तर दिल्यावर पुढे काय होतं, ते आधी पाहा

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. करवीर तालुक्यातल्या एका गावात तुम्ही दोन वर्षं आठवी-नववीला विज्ञान आणि भूगोल शिकवताय. वर्गात 52 मुलं-मुली. काहीही विचारलं तरी तेच चार हात वर येतात, बाकीचे मान खाली घालून वहीत बघत बसतात. "बोला, घाबरू नका, चुकलं तरी चालेल" हे तुम्ही रोज सांगता, पण फरक पडत नाही. मधल्या सुट्टीत हीच पोरं मैदान डोक्यावर घेतात आणि घंटा झाली की गप्प. मग वर्गात ती मोकळेपणानं विचार मांडायला कशी लागतील, चुकीच्या उत्तराचं काय करायचं आणि या सगळ्याला किती दिवस लागतील, असं तुम्ही विचारलंय.

मी याच कोल्हापूर जिल्ह्यात तीन तालुक्यांतल्या शाळांत मिळून 31 वर्षं हेच विषय शिकवले. त्यामुळे सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

पहिलं म्हणजे पोरांना धीर देणं काही दिवस थांबवा. तुमच्या सांगण्यात खोट नाही, पण बोलायचं की नाही हे मूल तुमच्या सांगण्यावरून ठरवत नाही. मागच्या वेळी कुणीतरी बोललं होतं, त्यानंतर त्याचं काय झालं, हे त्यानं पाहिलेलं असतं. त्याचा हिशेब तिथून सुरू होतो. पहिलीपासून आठवीपर्यंत हजारो वेळा त्यानं हे पाहिलंय: कोण उठला, काय म्हणाला, सर कसे बघितले, मागचा बाक हसला की नाही. तुमच्या वर्गातली 48 मुलं गप्प बसतात ती भित्री म्हणून नव्हे. त्यांनी हा हिशेब बरोबर केलाय म्हणून. हिशेब बदलायचा तर उत्तर यायच्या आधी आपण काय बोलतो त्यापेक्षा उत्तर आल्यानंतरच्या दहा सेकंदांत आपण काय करतो, तिकडे लक्ष द्यावं लागतं.

हे मी शिकले ते माझ्याच चुकीतून. नोकरीचं सहावं वर्ष होतं. आठवीला बाष्पीभवन शिकवत होते. समुद्राचं पाणी तापतं, वाफ होते, ढग होतात, पाऊस पडतो, असं फळ्यावर चित्र काढून सांगितलं आणि "समजलं का?" विचारलं. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठला. वडील ट्रॅक्टरवर जायचे, घरात शाळेत जाणारा तो पहिलाच. तो म्हणाला, "बाई, समुद्राचं पानी खारट असतंय न्हवं? मग पावसाचं पानी खारट का न्हाई?"

मी काय केलं असेल? म्हटलं, "आधी पाणी म्हण बघू. पानी नव्हे. ण. जीभ वर." वर्ग हसला. त्यानं तीनदा "पाणी" म्हणून दाखवलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं, मी "शाब्बास" म्हटलं आणि तो खाली बसला. त्याच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं हे मला आठवत नाही. बहुतेक दिलंच नसावं. एप्रिलमध्ये प्रगतिपत्रकं भरताना त्याच्या नावापुढे मी "वर्गात शांत असतो" असा शेरा लिहिला आणि हात थांबला. तो मुळात शांत नव्हता. त्या वर्षातला सगळ्यात चांगला प्रश्न त्यानं विचारला होता, आणि त्याला शांत केलं होतं मी, एका अक्षरासाठी.

म्हणून बोलीबद्दल आधी लिहिते. आपल्याकडची पोरं "हाय", "न्हाई", "पानी", "कुनी" अशीच बोलणार. कागल-गडहिंग्लजकडची, कर्नाटक सीमेजवळची काही मुलं घरी कन्नड बोलतात. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेल्या कुटुंबांची मुलं मध्येच वर्गात येऊन बसतात, त्यांचा हेल आणखी वेगळा. मूल विचार करत बोलत असतं तेव्हा त्याची जीभ सुधारू नका. प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, बोर्डाच्या पेपरात तिचं काम आहे, आणि ती न शिकवणं हा त्या पोरांवर अन्याय होईल. पण तिची जागा लिहिताना. चर्चा झाली, फळ्यावर मुद्दे आले, आता वहीत उतरवायचंय, तेव्हा "आपण हे पुस्तकी भाषेत कसं लिहू?" असं सगळ्या वर्गाला मिळून विचारा. मग ते एका पोराचं हसं राहत नाही, सगळ्यांचं काम होतं. घरी कन्नड बोलणारं मूल अडलं तर त्याला आधी शेजारच्याला कन्नडमध्येच सांगू द्या, शेजारचा मराठीत सांगेल. विचार आधी बाहेर येऊ दे.

आता त्या दहा सेकंदांकडे येऊ. आपण शिक्षक एका साच्यात अडकलेलो असतो. आपण विचारतो, मूल उत्तर देतं, आपण "बरोबर" किंवा "चूक" म्हणतो, पुढचा प्रश्न. सिंक्लेअर आणि कुल्थर्ड या इंग्लंडमधल्या दोन भाषाभ्यासकांनी 1975 मध्ये वर्गातल्या बोलण्याची हीच तीन पायऱ्यांची मांडणी दाखवून दिली. आपली पद्धत पन्नास वर्षांनंतरही तीच आहे. उजळणीला ती चालते. पण विचार बाहेर काढायला तिचा उपयोग होत नाही, कारण तिसऱ्या पायरीवर बोलणं संपतं. "चूक" म्हटल्यावर संपतं हे सगळ्यांना कळतं. "अगदी बरोबर! शाब्बास!" म्हटल्यावरही संपतं, हे मात्र लक्षात येत नाही. एकाला शाबासकी मिळाली की बाकीच्या एक्कावन्न जणांना समजतं की उत्तर सापडलं, आता डोकं चालवायचं कारण नाही. ज्याच्या मनात दुसरं काही होतं तो मनातल्या मनात म्हणतो, बरं झालं बोललो नाही.

मी पुढे एक सवय लावून घेतली. उत्तर आलं की निकाल द्यायचा नाही. "हं" म्हणायचं, आणि मुलाच्या शब्दांत ते फळ्यावर लिहायचं, बरोबर असो की चूक. मग "आणखी कुणाला काय वाटतं?" तीन-चार उत्तरं फळ्यावर आली की विचारायचं, "यातलं कुठलं पटतं, आणि का?" फळ्यावर लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. लिहिताना पाठ वर्गाकडे असते. पोरं आपल्या भुवया वाचण्यात तरबेज असतात, उत्तर बरोबर की चूक हे ती आपल्या तोंडावरून ओळखतात आणि त्याप्रमाणे बदलतात. पाठ वळली की वाचायला काही उरत नाही. चेहरा दोन्ही वेळा सारखा ठेवायला मला वर्षभर लागलं. तुम्हालाही वेळ लागेल.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970 च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचं ध्वनिमुद्रण करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि मूल बोलून थांबलं की तितक्याच घाईनं स्वतः बोलायला लागतात, असं तिला दिसलं. हे थांबणं तीन सेकंदांवर किंवा थोडं पुढे नेलं तर उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी न बोलणारी मुलं बोलतात, आणि मुलं एकमेकांच्या बोलण्याला उत्तर देऊ लागतात, हेही तिनं दाखवलं. तीन सेकंद वाचायला किरकोळ वाटतात. वर्गात उभं राहून मोजून बघा. शांततेत दुसऱ्या सेकंदालाच वाटतं की काहीतरी बिघडलंय, आणि आपणच उत्तर देऊन टाकतो. मी प्रश्न विचारून खिडकीपर्यंत चालत जायचे. बाहेरच्या चिंचेकडे बघायचं, परत यायचं, तोवर सात-आठ सेकंद झालेले असायचे. त्या चार हातांना तेवढ्या वेळात सांगून ठेवायचं, "हात खाली, मी सगळ्यांसाठी थांबलेय." आणि मूल बोलून थांबलं की पुन्हा थांबा. ही दुसरी शांतता जास्त कामाची. मूल पहिलं वाक्य आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतं. त्याच्या मनातलं बहुतेक वेळा दुसऱ्या वाक्यात येतं.

52 जणांसमोर उभं राहून बोलणं हे मोठ्या माणसांनाही जड जातं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात "कुणाला काही शंका?" विचारलं की आपण किती जण हात वर करतो, ते आठवा. म्हणून मूल थेट वर्गाशी बोलायच्या आधी शेजाऱ्याशी बोलू दे. फ्रँक लायमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं 1981 मध्ये ही पद्धत मांडली: आधी एकट्यानं विचार, मग जोडीत बोलणं, मग वर्गासमोर. आपल्या बाकावर तीन बसतात, तर तिघांत करा, काही बिघडत नाही. मी त्यात दोन बदल केले. एक, बोलायच्या आधी वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ लिहायला सांगायचे. ओळ लिहिलेली असली की उठल्यावर मूल वाचून तरी दाखवू शकतं, हात रिकामे नसतात. दोन, मग "तुला काय वाटतं?" न विचारता "तुझी शेजारीण काय म्हणाली?" विचारायचे. दुसऱ्याचं मत सांगायला भीती वाटत नाही, चुकलं तर ते आपलं नसतं. आणि शेजारीण ऐकत असते, मध्येच म्हणते, "न्हाई बाई, मी तसं न्हवतं म्हटलं," आणि बोलायला लागते. कितीतरी मुलींचं वर्गातलं पहिलं वाक्य मी असंच ऐकलंय.

वर्ग अगदीच दगडासारखा असेल, तर पहिले दोन-तीन आठवडे चिठ्ठ्या घ्या. नाव न घालता. सगळ्या गोळा करायच्या, त्यातल्या पाच-सहा आपल्या आवाजात, सारख्याच आदरानं वाचायच्या. आपलं वाक्य सरांच्या तोंडून ऐकताना कुणाची तरी मान वर होते. कुणाची, ते मनात ठेवा, बोलून दाखवू नका.

पण या सगळ्या युक्त्या वांझ ठरतात जर प्रश्नच बोलण्यासारखा नसेल. "पंचगंगेच्या उपनद्या कोणत्या?" यावर मुलानं काय विचार मांडायचा? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, झालं. असे प्रश्न पाठांतराचे, ते पटापट घ्या. मोकळं बोलायला प्रश्न असा हवा की ज्यात मुलाला आपल्याहून काहीतरी जास्त माहीत असण्याची शक्यता आहे. कोल्हापुरात असे प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही.

2019 च्या महापुरानंतर शाळा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा नववीचा वर्ग माझ्याकडे होता. पुस्तकात पूर म्हणजे नदी पात्राबाहेर पडणं. मी तेच शिकवू शकले असते. त्याऐवजी फळ्यावर फक्त दोन आकडे लिहिले: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. विचारलं, "तुमच्या घरापाशी पाणी पहिल्यांदा कुठून आलं?" आणि खिडकीकडे गेले.

पहिल्यांदा ठरलेले हात आलेच. नदीकडून, रस्त्यावरून. मग नदीकाठच्या गावातली एक मुलगी, जिनं जूनपासून तोंड उघडलं नव्हतं, जागेवरूनच हळू म्हणाली, "आमच्यात नदीकडनं न्हाई आलं. मागनं आलं. वढ्यातनं."

"मागून कसं येईल? नदी तर पुढे आहे," असं एक मुलगा म्हणाला. मी काही बोलले नाही, फळ्यावर लिहिलं, "मागनं आलं, वढ्यातनं." ती उठून उभी राहिली. "नदी फुगली की वढ्याचं पानी नदीत जात न्हाई. उलटं फिरतंय. आदी रानात, मग गोठ्यात, मग घरात. आमी नदीकडं बघत बसलो आनि म्हसरं मागं पान्यात हुती."

मग वर्ग थांबेना. कुणी म्हणालं, आमच्याकडे गटारातून वर आलं. कुणी राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले होते ते काढलं. कुणाचे काका म्हणत होते की सगळं आलमट्टीमुळे, म्हणजे कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या धरणामुळे झालं, त्यावर दुसरा म्हणाला, मग इतका पाऊस झाला तो कुणी पाडला? दोन तास गेले. शेवटी मी विचारलं, "ओढ्याचं पाणी उलटं फिरलं आणि आलमट्टीमुळे नदीचं पाणी तुंबतं असं म्हणतात, या दोन गोष्टींत सारखं काय?" आणि फुगवटा म्हणजे काय हे त्यांनीच जुळवलं. लहान नदी मोठीला मिळते तिथे मोठीची पातळी वर असली की लहानीचं पाणी मागे चढत जातं. ओढ्याचं पंचगंगेपाशी तेच, पंचगंगेचं नरसोबाच्या वाडीला कृष्णेपाशी तेच. आलमट्टीचा दोष किती, पावसाचा किती, पूररेषेतल्या बांधकामांचा किती, यावर मोठ्या माणसांचंही एकमत नाही, हे मी त्यांना तसंच सांगितलं. एका प्रश्नाला पुस्तकाच्या शेवटी उत्तर नाही, हे कळल्यावर नववीची पोरं कशी सरसावून बसतात, ते तुम्ही एकदा बघाच.

त्या मुलीनं त्या दिवशी दहा-बारा वेळा "पानी" म्हटलं. मी एकदाही अडवलं नाही. वहीत तिनं "पाणी" असंच लिहिलं होतं.

असे प्रश्न विज्ञानातही आहेत. आम्ल-आम्लारी शिकवताना लिटमस काढण्याआधी विचारा की गुऱ्हाळावर काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, चुना का टाकतात. वर्गात एखादं तरी पोर असतं ज्याच्या घरी कुणी गुळव्या, म्हणजे गूळ करणारा आहे. चुना जास्त झाला तर गूळ काळपट पडतो, हे त्याला माहीत असतं. उसाचा रस आम्लधर्मी असतो, चुन्यानं ती आंबटाई मोडते, मळी वर यायला मदत होते, हे तुम्ही नंतर जोडा. तो पहिला बोलला पाहिजे.

चुकीच्या उत्तराचं काय, असं तुम्ही विचारलंय. ते लपवायचं नाही आणि गोडही करायचं नाही. "उत्तर चांगलं आहे पण..." या "पण"ला पोरं ओळखून असतात. उन्हाळा का येतो विचारलं की निम्मा वर्ग सांगतो, पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. हे चूक आहे, पण वेडेपणाचं नाही. शेकोटीजवळ गेलं की जास्त ऊब लागते, हे त्यामागचं खरं निरीक्षण. ते तसंच फळ्यावर लिहा आणि माहिती पुढे ठेवा: पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण 14.7 कोटी किलोमीटरवर, आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, 15.2 कोटींवर. "आता काय म्हणायचं?" वर्ग स्वतःच आपलं उत्तर मोडतो. ज्यानं ते दिलं होतं तो हरत नाही, त्याच्या उत्तरावरच सगळ्यांनी काम केलेलं असतं. शेवटी खऱ्या कारणापर्यंत, म्हणजे पृथ्वीच्या आसाच्या कलण्यापर्यंत आल्यावर मी मुद्दाम त्याच्याकडे बघून म्हणायचे, "तू ते म्हणालास म्हणून इथपर्यंत आलो." हे खरं असतं, म्हणून त्याला लागू पडतं.

तालमीत वस्ताद नव्या पोराला कुस्तीला उभं करतो. पोर रोज आपटी खातं आणि रोज परत मातीत उतरतं. मी एका विद्यार्थ्याला विचारलं होतं, तिथे हरायला लाज वाटत नाही आणि इथे उत्तर चुकायला वाटते, असं का? तो म्हणाला, "बाई, तिथं कुनी हसत न्हाई. हसला तर वस्ताद त्यालाच लंगोट बांधायला लावत्यात." यात सगळं आलं.

हसण्याबाबत म्हणून मी कडक होते, आणि तुम्हीही व्हा. एवढ्या एकाच बाबतीत. कुणाच्या उत्तराला वर्ग हसला आणि तुम्ही ते सोडून दिलं, तर आधीचे दोन महिने वाहून जातात. मोठं भाषण नको. तास थांबवायचा, हसणाऱ्याकडे बघायचं, "तुझं मत सांग, मग ते फळ्यावर लिहू" एवढंच, रागावल्याशिवाय. आणि आपण स्वतः हसायचं नाही, लाडानंसुद्धा नाही. एखाद्याचं भाबडं उत्तर स्टाफरूममध्ये सांगून हसायचं नाही, ते कुठून तरी पोरांपर्यंत पोहोचतंच.

मुलींबद्दल. सातवीपर्यंत भरभरून बोलणाऱ्या मुली आठवी-नववीत मिटत जातात. काही घरून शिकवलेलं असतं, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये म्हणून. काही वर्गातून येतं. मुलगी बोलली की मागून "लई शानी" असं पुटपुटणं येतं, आपल्याला ऐकू येत नाही, तिला येतं. एक आठवडा हजेरीच्या मागच्या कोऱ्या पानावर कोण बोललं त्याच्यापुढे टिंब द्या. मी पहिल्यांदा केलं तेव्हा आठवड्यात बोललेल्या सतरा जणांत मुली चार होत्या, आणि मला तोवर खात्री होती की मी दोघांना सारखंच विचारते. नजर सवयीनं मुलांच्या रांगेकडे जाते. टिंबं दिसली की नजर वळवता येते. मुलींना पहिले काही महिने मैत्रिणीशेजारीच बसू द्या, बैठक बदलण्याचे प्रयोग नंतर.

काही शिक्षक नावांच्या काड्या काढून कुणालाही उठवतात. मीही करायचे, पण आधी जोडीत बोलणं झाल्यावरच, आणि "आत्ता नको" म्हणायची मुभा ठेवून. मुभा म्हणजे सुटका नव्हे, "दोघांचं ऐक, मी परत येते" म्हणायचं आणि परत जायचंच. नाही गेलो तर मूल समजतं की आपली वाट कुणी बघत नाही. त्या चार हुशार हातांना गप्प करू नका. त्यांना काम द्या: आज तुम्ही उत्तर सांगायचं नाही, दुसऱ्याच्या उत्तरावर एक प्रश्न विचारायचा. हे काम उत्तर देण्याहून अवघड आहे, त्यांना ते लगेच कळतं.

आता अभ्यासक्रम आणि मुख्याध्यापक. रोज पूर्ण तास असा चालवू नका, चालणारही नाही. तासाला एक मोकळा प्रश्न, सात-आठ मिनिटं. बाकी सरळ शिकवा. व्याख्या, सूत्र, एकक यांवर चर्चा घडवणं म्हणजे वेळ घालवणं. पुराचे दोन तास मी पुढे तीन धडे आटोपशीर घेऊन भरून काढले.

गोंगाटाची तक्रार येणार. माझ्याकडे एकदा आली, तेव्हा मी 2009 चा शिक्षण हक्क कायदा पुढे ठेवला. त्याच्या कलम 29 मध्ये अभ्यासक्रम कसा असावा हे सांगताना मुलाला भय आणि चिंतेपासून मुक्त ठेवणं आणि त्याला आपलं मत मोकळेपणानं मांडायला मदत करणं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पहिली ते आठवीला तो लागू आहे, म्हणजे तुमच्या आठवीला आहेच. मी त्यांना आणखी एक गोष्ट बोलले होते. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सगळ्यांबरोबर बसवायचा हुकूम काढला. एवढं करून ज्यांना वर्गात आणलं त्यांचीच पणतवंडं माझ्यासमोर मान खाली घालून बसली होती, आणि मला ते बघवत नव्हतं. लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये कोल्हापूर शहरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मुलांचं बोलणं, प्रश्न विचारणं शिकण्याच्या मध्यभागी आणलं. म्हणजे हे आपल्याकडे परकं नाही. मुख्याध्यापकांना एकदा वर्गात येऊन मागच्या बाकावर बसायला बोलवा. माझे आले, पोरांचं ओढ्यावरचं बोलणं ऐकलं, आणि जाताना दार ओढून घेऊन गेले, शेजारच्या वर्गाला त्रास नको म्हणून. पुन्हा तक्रार झाली नाही.

किती दिवस लागतील, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पहिला महिना काहीच होणार नाही, उलट थांबण्यामुळे वर्ग जास्तच शांत वाटेल. पोरं तुम्हाला तपासत असतात. साधारण दिवाळीपर्यंत टिंबांच्या पानावर नवी नावं येऊ लागतात. दोन-चार मुलं वर्षभरात एकदाही बोलणार नाहीत. त्यांची वही वाचा, शेवटच्या पानावर त्यांच्या ओळी असतात, त्यांना तिथेच उत्तर लिहा.

सुरुवात कुठून करायची सुचत नसेल, तर माझ्या त्या मुलाचा प्रश्न घ्या. त्यानंतर दर वर्षी मी बाष्पीभवन त्याच प्रश्नानं सुरू केलं. समुद्राचं पाणी खारट, मग पाऊस खारट का नाही? विचारा, खिडकीपर्यंत जाऊन या, मग वहीत ओळ, मग शेजाऱ्याशी. "मीठ जड असतंय", "ढगात गाळून येतंय", "खारटच असतंय पण कळत न्हाई", अशी उत्तरं येतील. सगळी लिहा. बघायचं कसं, ते त्यांनाच विचारा. कुणीतरी म्हणेल, मिठाचं पाणी उकळून वर ताटली धरू. पातेलं आणि ताटली एखाद्याला घरून आणायला सांगा, प्रयोगशाळेतलं भांडं घेऊ नका, कारण ताटलीवरचे थेंब चाखायचे आहेत. ताटलीला फडकं लावून तुम्ही धरा, वाफ भाजते. आणि थेंब आधी कुणी चाखायचा हे चिठ्ठी टाकून ठरवा, सगळेच पुढे येतात.